शिळावर्तुळ राखायचं, पण एकट्या वावरवाल्याच्या जिवावर नाही

बरडीवरची

परवा आमच्या गावच्या ग्रामसभेत ठराव आला. बरडीवरची, म्हणजे मुरमाड माळावरची, तिन्ही शिळावर्तुळं सरकारच्या संरक्षित यादीतून काढून टाकावीत, असा. मांडणारा माझ्याच वयाचा शेतकरी. त्याचं म्हणणं एवढंच होतं की मेलेल्यांच्या गोट्यांपायी जित्या माणसानं गोठा बांधायचा नाही, संत्रा लावायचा नाही, हा कुठला न्याय? बहुतेक हात त्याच्या बाजूनं वर झाले. मी विरोधात उभी राहिले, पण गलक्यात माझं बोलणं अर्धंच राहिलं. म्हणून इथं, या चर्चेच्या धाग्यावर लिहिते.

ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी आधी वस्तू काय आहे ते सांगते. पंचवीस-तीस मोठाले काळे गोटे, काही माणसाच्या कमरेएवढे, गोल मांडलेले. आत मुरूम आणि लहान दगडांची रास, मधे थोडी फुगलेली. त्या राशीखाली माणसं पुरलेली आहेत. सोबत त्यांची मडकी, कुऱ्हाडी, खंजीर, मणी. काळ साधारण इसवी सनाआधी हजार ते तीनशे वर्षं, म्हणजे विदर्भात लोखंड नुकतं हाताशी आलं तेव्हाचा. नागपूरजवळ काटोल रस्त्यावरच्या जुनापाणीला अशी सुमारे तीनशे वर्तुळं आहेत. माहुरझरी, टाकळघाट-खापा, नायकुंड, बोरगाव, भागीमोहारी, रायपूर, वर्धेकडे खैरवाडा, ही नावं जगभरच्या पुरातत्त्वाच्या ग्रंथांत आहेत. आपल्या सातबाऱ्यावर मात्र ती जागा पोटखराब, म्हणजे लागवडीला निकामी, म्हणून लागते.

सगळ्यात मोठं वर्तुळ आमच्या धुऱ्याला, म्हणजे बांधाला, लागून आहे. लहानपणी निंदणाच्या दिवसांत आम्ही त्याच गोट्यांवर बसून शिदोरी सोडायचो. बाबा म्हणायचे, बसा, खा, पण गोटा हलवू नका.

माझं म्हणणं सरळ आहे. वर्तुळ हलता कामा नये, यादीतूनही जाता कामा नये. पण त्याचा भार ज्याच्या वावरात ते आहे त्या एकट्यानं का वाहायचा? अख्ख्या देशाचा वारसा असेल तर देशानं त्याला वाटा द्यावा. ठराव करायचाच असेल तर तो करू. यादीतून नाव काढण्याचा नको.

सव्वापाच एकर

ठराव मांडणारा मीच. गावातले ओळखतीलच, म्हणून लपवत नाई.

ताई, तुमचं वावर धुऱ्याला लागून आहे, माह्या वावरात वर्तुळ आहे. हा फरक लहान नाई. सरकारी कागदात नुसते गोटे नाईत, गटाचा तुकडाच संरक्षित लिहिलेला आहे. त्याच्या हद्दीपासून शंभर मीटर बांधकाम बंद. आता हिशेब करा. एका ठिपक्याभोवती शंभर मीटरचा गोल काढला तरी पावणेआठ एकर होते. माह्याजवळ एकूण सव्वापाच. म्हणजे माह्या नावावरच्या एकाही कोपऱ्यात मले ढोरांसाठी छप्पर उभं करता येत नाई.

पऱ्हाटीनं तीन वर्षांपासून काय दिलं ते तुमच्याही घरी माहीत आहे. गुलाबी बोंडअळीनं दोन वेचे नेले. सोयाबीनचा भाव घरातल्यांले सांगायची लाज वाटते. बाजूच्या गावात लोकं संत्र्यावर, मोसंबीवर गेले, दोन म्हशी बांधल्या, हातात पैसा दिसून राहिला. मी विचारलं तर उत्तर एकच, जागा संरक्षित आहे. अर्ज घेऊन कार्यालयात तीनदा गेलो. एका टेबलानं दुसरीकडे पाठवलं, दुसऱ्यानं परत पहिल्याकडे. तीनशे रुपये दर खेपेचे एसटीत अन् चहात गेले.

मले त्या गोट्यांचा राग नाई. माह्या आजोबानं तिथं कधी वखर नेला नाई. पण आजोबाले पोरीची फी भराची नव्हती.

मुरूमवाला

मी खदानीवर पोकलेन चालवतो. माझं म्हणणं कुणाला आवडणार नाही, तरी मनापासून लिहितो.

अशी वर्तुळं नागपूर जिल्ह्यात शेकड्यांनी आहेत. सगळी ठेवता येत नाहीत. त्यातली चांगली दोन-चार ठिकाणं निवडा, तिथं कुंपण, बाग, पाटी सगळं करा. बाकीची पुरातत्त्ववाल्यांनी खोदावी, जे निघेल ते नागपूरच्या अजब बंगल्यात, म्हणजे संग्रहालयात, नीट मांडावं आणि जमीन शेतकऱ्याला मोकळी करून द्यावी. मातीखाली पडून राहण्यापेक्षा पोरांना पाहायला मिळेल. यात नुकसान कुणाचं?

दुसरं सांगतो, कारण ते मनात बसलं आहे. काही वर्षांपूर्वी एका बरडीवर, जिथं कुठली पाटी नव्हती, माझ्याच बकेटमध्ये एक मडकं आलं. बाहेरून तांबडं, आतून आणि तोंडाशी काळं. अर्धं फुटलेलं. सोबत हाडांचे तुकडे होते. मी मशीन थांबवली. मालक म्हणाला, भर गाडी. मी भरली. तो मुरूम आता कुठल्यातरी रस्त्याखाली आहे. म्हणून म्हणतो, आधी खोदून घ्या. नाहीतर आमच्यासारखे खोदतात.

खापराचा तुकडा

पुरातत्त्व शिकलो आहे, दोन उत्खननांवर काम केलं आहे. मुरूमवाले, तुम्ही मशीन थांबवली ही गोष्ट लहान नाही आणि ती इथं सांगितलीत याबद्दल मनापासून आभार. तुम्ही वर्णन केलेलं मडकं म्हणजे काळी-तांबडी खापरं, या काळाची सगळ्यात ठळक खूण. भट्टीत मडकं पालथं ठेवून भाजलं की आत आणि काठाशी हवा पोचत नाही, तो भाग काळा राहतो.

पण 'खोदा आणि मोकळी करा' याला माझा पूर्ण विरोध आहे. उत्खनन म्हणजे पुस्तक वाचताना वाचलेलं पान जाळत जाणं. एकदा खोदलं की ती जागा पुन्हा खोदता येत नाही. पुढच्या माणसाला फक्त तुमची वही मिळते. वही वाईट असेल तर काहीच मिळत नाही.

जुनापाणीचंच घ्या. एकोणिसाव्या शतकात तिथं रिव्हेट-कारनॅक या इंग्रज अधिकाऱ्यानं खणलं. हा माणूस मध्य प्रांत आणि वऱ्हाडचा कापूस आयुक्त होता, हे आपल्या भागातल्या माणसानं लक्षात ठेवण्यासारखं आहे. कापसाच्या गाठी विलायतेला गेल्या आणि वर्तुळातल्या वस्तूही ब्रिटिश म्युझियममध्ये गेल्या. १८७९ मध्ये त्यानं याबद्दल लिहिलं. वस्तू आहेत, पण कुठली कुठल्या थरात होती, कुणाच्या हाताशी होती, हे आता कुणीही सांगू शकत नाही. १९६१ च्या सुमारास बी. के. थापर यांनी तिथं पुन्हा काम केलं तेव्हा रचना, थर, पद्धत यांची नीट नोंद झाली. माहुरझरीला शां. भा. देव यांनी १९७० नंतर उत्खनन केलं. माणसासोबत पुरलेला घोडा, त्याचे तांब्याचे दागिने मिळाले. तिथंच या शतकाच्या सुरुवातीला पुन्हा काम झालं आणि मणी बनवण्याच्या उद्योगाबद्दल कितीतरी नवं कळलं. १९७० सालीच सगळी माहुरझरी उकरून जमीन मोकळी केली असती तर?

आणखी एक. जुनापाणीच्या काही गोट्यांवर वाटीसारखे छोटे खळगे कोरलेले आहेत, रांगेत, कधी फुलीसारखे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या अभ्यासकांनी ते कुठल्या दिशांना आहेत हे मोजलं आणि त्यांचा संबंध आकाशाशी असावा, असं मांडलं. हे पटो न पटो, मोजता आलं ते गोटे जागेवर होते म्हणून. गोटा दोन हात सरकला की प्रश्नच संपला.

बरडीवरची यांच्याशीही माझं जमत नाही. शेतकऱ्याला वाटा द्या म्हणता, तो वाटा पुढच्या वर्षी थांबला की गोटेही थांबतील का? माझ्या मते सरकारनं ती जमीन योग्य भावात विकत घ्यावी, कुंपण घालावं, शेतकऱ्यानं दुसरीकडे जमीन घ्यावी. अर्धवट मालकीत स्मारक टिकत नाही.

सव्वापाच एकर

विकत घ्या. आजच घ्या. पण भाव कोण ठरवणार? संरक्षित जागा म्हणून बाजारात तिले गिऱ्हाईकच नाई, मग रेडी रेकनरवर बोट ठेवून मोकळे होतील. त्या पैशात दुसरीकडे सव्वापाच एकर येते का, हे तुम्ही कोणत्याही दलालाले विचारा. अन् विहीर? बाबानं स्वतः खणलेली आहे ती.

माजी सरपंच, बाई

कुंपणाबद्दल बोलते. शेजारच्या एका ठिकाणी कुंपण आहे. गेटला कुलूप आहे, कुलपाची चावी कुणाकडे आहे ते गावात कुणालाच माहीत नाही. आत गाजरगवत छातीएवढं. मागच्या बाजूनं तार कापलेली आहे. कापणारे गावचे नाहीत, गुप्तधनवाले आहेत.

मी पदावर असताना पौषातल्या एका अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी ढोरं घेऊन गेलेल्या पोरानं येऊन सांगितलं, वर्तुळात खड्डा आहे. जाऊन पाहिलं. कमरेएवढा खड्डा, लिंबं, कुंकू, नारळ आणि बाजूला फेकलेली खापरं. हाडंही. कुणाची तरी आई, कुणाचा तरी बाप असेल तो. आम्ही पोलिसांना कळवलं, पंचनामा झाला. त्या रात्री मला झोप आली नाही, हे खरं सांगते.

या राशींत सोन्याचे हंडे नसतात. खापरं असतात, गंजलेलं लोखंड असतं, मणी असतात. हे गावोगाव बायकांच्या बचत गटात, शाळेत सांगायला पाहिजे. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात गुप्तधनासाठी होणारे अघोरी प्रकार गुन्हा आहेत. १८७८ चा निखात निधीचा कायदाही आहे. जमिनीत दहा रुपयांवर किमतीचं काही सापडलं तर जिल्हाधिकाऱ्याला कळवावं लागतं. पण रात्री दोन वाजता कायदा तिथं नसतो. तिथं जागलीला गेलेला वावरवाला असतो. तोच तिथून उठून गेला तर राहिलं कोण?

म्हणून जमीन विकत घेऊन शेतकऱ्याला बाहेर काढण्याला माझाही विरोध.

तहसीलची पायरी

महसुलात नोकरी झाली, आता निवृत्त आहे. धाग्यात कायद्याबद्दल अर्धं-अर्धं बोललं जातंय, म्हणून कागद उघडून बसलो.

मूळ कायदा १९५८ चा, प्राचीन स्मारकं आणि पुरातत्त्वीय स्थळांचा. २०१० च्या दुरुस्तीनं शंभर मीटरचा प्रतिबंधित पट्टा आणि त्यापुढे दोनशे मीटरचा विनियमित (परवानगी घेऊनच बांधकाम करायचा) पट्टा कायद्यातच पक्का झाला. स्मारकाची नासधूस केली तर दोन वर्षांपर्यंत कैद, लाखापर्यंत दंड. इथवर सगळ्यांना माहीत असतं, कारण पुरातत्त्व खात्याच्या निळ्या पाटीवर तेवढंच लिहिलेलं असतं. पाटीवर जे नसतं ते सांगतो.

पहिलं. शंभर मीटरच्या पट्ट्यात बंदी आहे ती बांधकामाला आणि खाणकामाला. शेतीला नाही. संत्र्याचं झाड म्हणजे बांधकाम नव्हे.

दुसरं, आणि हे नीट वाचा. खुद्द संरक्षित क्षेत्रात, म्हणजे हद्दीच्या आतसुद्धा, कलम १९ नं शेती करायला मनाई केलेली नाही. अट एवढीच, माती एक फुटापेक्षा खोल उकरायची नाही. म्हणजे वखर, डवरा, तिफण चालते. पऱ्हाटी, तूर, सोयाबीन, गहू, हरभरा चालतो. संत्र्याला अडीच फुटाचा खड्डा लागतो, तो हद्दीच्या आत चालणार नाही. ट्रॅक्टरची खोल नांगरटही चालणार नाही. सव्वापाच एकर यांच्या गटाचा जेवढा तुकडा संरक्षित आहे तेवढ्यापुरतंच हे. उरलेल्यात संत्रा लावायला कुठलं कलम आडवं येत नाही.

तिसरं. लोकांच्या पाणीपुरवठ्याची आणि विजेची सार्वजनिक कामं या कायद्याच्या 'बांधकाम' या व्याख्येत बसत नाहीत. १६ जून १९९२ च्या आधीचं घर-गोठा असेल तर दुरुस्तीची परवानगी मागता येते. नवीन गोठा मात्र शंभर मीटरच्या आत होणार नाही, हे कडू आहे आणि खरं आहे.

चौथं. कलम २७. या कायद्याखालच्या अधिकारांचा वापर झाल्यामुळे जमिनीच्या मालकाचं किंवा कसणाऱ्याचं नुकसान झालं, उत्पन्न घटलं, तर केंद्र सरकारनं भरपाई द्यायची आहे. मालकाशी जतनाचा करार करण्याची तरतूदही आहे, कलम ६. छत्तीस वर्षांच्या नोकरीत अशा भरपाईचा एकही अर्ज माझ्या टेबलावर आला नाही. कुणी मागितलीच नाही, कारण कुणाला सांगितलंच नाही.

यादीतून नाव काढता येतं, कलम ३५. मार्च २०२४ मध्ये केंद्रानं देशभरातली १८ स्मारकं अशी वगळायचं ठरवलं. ती का वगळली? जागेवर सापडतच नव्हती म्हणून. नाव काढण्याची वाट तिकडून जाते.

सव्वापाच एकर

साहेब, एक फुटाचं हे तुम्ही आज सांगून राहिले. मी तीन खेपा घातल्या, कोणी सांगितलं नाई. मी तर संरक्षित म्हणून दोन वर्षं तो तुकडा पडीक ठेवला. काशी अन् कुंद्याचं तण झालं आहे त्याच्यात. अर्ध्या एकराची तूर गेली दोन हंगाम. ते कोण देणार?

राग तुमच्यावर नाई. पण कायदा असा असावा का, ज्याच्यातली बंदी पाटीवर अन् हक्क कपाटात?

बरडीवरची

हेच मला ग्रामसभेत म्हणायचं होतं, आणि माझ्याजवळ तेव्हा हे कलम नव्हतं. तुमच्या दोन हंगामांच्या तुरीचा हिशेब हाच पहिला अर्ज होऊ शकतो. मी लिहायला बसते.

मात्र एका गोष्टीवर मी हटणार नाही. 'मेलेल्यांचे गोटे' हा शब्द मला सभेत लागला. ही माणसं कोण होती ते पाहा. नायकुंडला, पेंच नदीच्या काठी, देव आणि जामखेडकर यांच्या उत्खननात लोखंड गाळायची भट्टी सापडली. मातीच्या वक्र विटांची, बाजूला लोहकिट, म्हणजे लोखंडाचा मळ, पडलेलं. सुमारे सत्तावीसशे वर्षांपूर्वीची. आपल्या गावातल्या खातीकाकाचा, म्हणजे लोहाराचा, भाता बंद पडून वीस वर्षं झाली, त्या धंद्याची ही या भागातली फार जुनी ओळख. वर्तुळांमधून ज्या कुऱ्हाडी निघाल्या त्यांना दांड्यावर घट्ट बसवायला लोखंडी पट्ट्या आहेत. जंगल तोडून वावर करणाऱ्यांची ही हत्यारं. भागीमोहारीच्या वस्तीत धान्याचे जळके दाणे मिळाले, त्यात गहू, तांदूळ, मसूर. म्हणजे हा मुलूख कसणारी माणसं त्या राशीखाली आहेत. त्यांनी नाल्याकाठची काळी जमीन पेरायला ठेवली आणि मेलेल्यांना बरडीवर नेलं, जिथं पीक येत नाही. पिकाऊ जमिनीवर मढं पुरायचं नाही, एवढा विचार त्यांनी केला असेल असं मला तिथं उभं राहिलं की वाटतं. हा माझा अंदाज आहे, पण शेतकऱ्याच्या पोरीचा आहे.

मुरूमवाला

खापराचा तुकडा यांनी पान जाळण्याचं लिहिलं ते पटलं. पण एक विचारतो. ज्या वर्तुळांना पाटीच नाही त्यांचं काय? माझ्या बकेटमध्ये आलेलं तसंच होतं. तुम्ही सगळे पाटीवाल्या तीन वर्तुळांवर भांडता, आणि बिनपाटीची दर महिन्याला ट्रकमध्ये जातात. लेआउट पडतात, एमआयडीसी वाढते, रस्त्याला मुरूम लागतो. जिथं जाणारच आहे तिथं तरी आधी खोदून घ्या. एवढं तरी माना.

खापराचा तुकडा

एवढं मानतो. जिथं वाचवणं खरंच शक्य नाही तिथं आधी नोंद, मोजणी आणि उत्खनन झालंच पाहिजे. पण 'शक्य नाही' हे कंत्राटदारानं ठरवायचं नाही. आणि त्याआधी जिल्ह्यातल्या प्रत्येक वर्तुळाची गावनिहाय यादी हवी, गट नंबरासकट. ती करायला तुमच्यासारखी माणसं लागतील. कुठल्या बरडीवर काय आहे हे मशीनवर बसलेल्याला आमच्यापेक्षा जास्त माहीत असतं.

भामरागडकडचा

मी माडिया आदिवासी आहे. आमच्याकडे मोठं माणूस गेलं की त्याच्या नावानं दगड उभा करतात. आजही करतात. माझ्या आजोबाचा आहे. तो दगड 'स्मारक' नाही, तो आजोबा आहे. त्याच्याजवळून जाताना आम्ही आवाज खाली करतो.

तुमच्या बरडीवरचे लोक आमचेच पूर्वज होते असं मी म्हणत नाही, ते कुणालाच सिद्ध करता येणार नाही. पण तुम्ही इथं भरपाई, एकर, मीटर एवढंच बोलता तेव्हा मला बरं वाटत नाही. दगडाचा वाटा दगडालाच असतो. त्याला कुणी पैसे देऊन राखायचं नसतं.

सव्वापाच एकर

दादा, तुमच्या आजोबाच्या दगडाले माह्या हात जोडून नमस्कार. पण तुमच्या गावानं तो दगड स्वतः उभा केला, त्याची जागा स्वतः दिली. माह्या वावरातल्या दगडाची जागा मले न विचारता कागदावर गेली. दोन महिने हरकतीची नोटीस लागली होती म्हणतात. ती लागली तेव्हा माह्या आजोबाले अंगठा कुठं लावाचा ते दुसरा दाखवत होता.

बरडीवरची

भामरागडच्या दादांचं म्हणणं मला खोल गेलं. आमच्याकडे तो आवाज खाली करण्याचा रिवाज कधीच तुटला आणि त्या जागी पाटी आली. पाटी वाईट नाही, पण ती रिवाजाची जागा घेऊ शकत नाही. शेजारच्या तेलंगणात कृष्णेकाठच्या मुदुमलचे उभे दगड २०२५ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेले. आपल्याकडे एवढी वर्तुळं आहेत आणि शाळेच्या पोरांना आपल्या गावात काय आहे हे माहीत नाही.

हिस्लॉप कॉलेजचं नाव सगळ्या नागपूरला ठाऊक आहे. ज्याच्या नावानं ते आहे तो स्टीफन हिस्लॉप ४ सप्टेंबर १८६३ ला टाकळघाटजवळची अशीच वर्तुळं पाहून परतताना नाल्याच्या पुरात वाहून गेला. परक्या मुलखातून आलेला माणूस भर पावसाळ्यात ते पाहायला घोड्यावर गेला होता. आपण धुऱ्यावरून चालत पाच मिनिटांत पोचतो.

माजी सरपंच, बाई

मुद्द्यावर या. पुढची ग्रामसभा महिन्याभरात आहे. मी ठरावाचा मसुदा लिहून टाकते, बदल सुचवा. यादीतून काढण्याची मागणी मागे घ्यायची. संरक्षित हद्दीची मोजणी करून खुणेचे दगड गाडून द्यावेत, म्हणजे एक फूट कुठं लागू आणि कुठं नाही हे दिसेल. कलम २७ खाली भरपाई मिळावी. राखणदार ठेवायचा तर गावातलाच, आणि आधी ज्याच्या वावरात वर्तुळ आहे त्याला विचारावं. पाटीवर शेती करता येते हेही लिहावं.

सव्वापाच एकर

मोजणीले माही ना नाई. बाकीचं लिहा. पण यादीतून काढण्याचा ठराव मी मागं घेत नाई. भरपाईचा पहिला कागद हातात येऊ द्या, मग घेतो. तोवर माहा हात तिकडंच. ताई, अर्ज तुम्ही लिहून राहिल्या तर सातबारा अन् आठ-अ उद्या आणून देतो. तुरीची पट्टी पण आहे, आधीच्या वर्षांची.

बरडीवरची

आणा. ठरावाविरुद्ध मी पुन्हा बोलणार आहे, तेही ध्यानात असू द्या.

आखरावरचा म्हातारा

नातू वाचून दाखवतो, मी सांगतो ते तो टाईप करतो.

मी याच गावचा. दहा वर्षं गावची ढोरं चारली. आमच्या वेळी त्याले गवळ्याचं गोठाण म्हणत. गवळी राजाच्या गाई तिथं बसत, रात्री घुंगरं वाजतात, अशी बोली होती. भीतीनं कोणी हात लावत नव्हतं. सगळे म्हणून राहिले की जुने लोक गोटे राखत होते. पूर्ण खरं नाई ते.

मोठ्या वर्तुळात उगवतीकडं एक गोटा कमी आहे, तुम्ही मोजले असतील तर दिसला असेल. तो माह्या बापानं नेला. बंडीवर घालून, दोन बैल अन् चार माणसं लावून. मी लहान होतो, मागून ढकलत होतो. तो आमच्या गोठ्याच्या पायव्यात आहे, दाराच्या डाव्या अंगाले. त्याच्यावर वाटीसारखे पाच-सहा खळगे आहेत. माय त्याच्यात कोंबड्यांले पाणी ठेवायची.

मोजणीले याल तेव्हा घरी या. गोटा दाखवतो, अन् जिथून उचलला ती जागाही दाखवतो. पाय चालतात अजून.